आधी मान, मग खांदा

पहिल्या भेटीत त्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही. पाहिलं ते तिच्या केसांकडे.

हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये दोघंच होते. ती उशीर झाला म्हणून धापा टाकत आत शिरलेली, बाहेरच्या भुरभुर पावसानं केस कपाळाला चिकटलेले. तो कोपऱ्यात उभा, बगलेत फाइल, उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगलाच खाली उतरलेला. कानामागून गळ्यापर्यंत एक लालसर वण. त्यानं बटण दाबायला उजवा हात उचलला... हात छातीपर्यंत आला आणि तिथंच अडला. मग त्यानं डावा पुढे केला, तर बगलेतली फाइल निसटली. झालं! कागद लिफ्टभर.

दोघंही एकदम खाली वाकले. डोकी आपटायची ती आपटलीच.

"अगं बाई! लागलं का हो?" तिनं विचारलं.

"मला नाही. पण हे... हे केस कुणी कापले तुमचे?" त्याचा आवाज जाडसर होता, काही अक्षरं तोंडातल्या तोंडात सांडत होती. पण विचारणं कसं अगदी ठणठणीत.

"का बरं?"

"त्या माणसाला एकदा भेटायचंय. मागून एक बाजू वर, एक बाजू खाली. अहो, राग असेल तर तोंडावर सांगावं, असा डोक्यावर काढू नये."

"मीच कापलेत. घरी, आरशात बघून."

तो जरा ओशाळला. मग म्हणाला, "स्वतःवर इतका राग बरा नव्हे."

आता खरं म्हणजे तिनं चिडायला हवं होतं. ओळख ना पाळख, आणि हा माणूस सकाळी सकाळी केसांची उणीदुणी काढतोय! पण तिला हसू फुटलं ते फुटलंच. ती हसत हसत पाचव्या मजल्यावर उतरली, तर तोही उतरला. ती डावीकडे वळली, तोही वळला. तिनं खुंटीवरचा पांढरा कोट काढून अंगात घातला, तेव्हा तो दारातच थबकला.

"म्हणजे, मला व्यायामासाठी ज्या बाईंकडे धाडलंय त्या..."

"त्या मीच," ती म्हणाली. "या, बसा. आता राग कुणाच्या खांद्यावर काढायचा ते बघू."

पाचव्या मजल्यावरच्या त्या लांबट खोलीत दोघी काम करायच्या. मोठ्या होत्या त्यांना सगळे थोरल्या बाई म्हणायचे, म्हणून आपोआप ही झाली धाकटी. खोलीत भिंतीला एक लाकडी शिडी होती, बोटांनी चढायची, एकेका खाचेवर बोट ठेवत हात वर न्यायचा. छताला टांगलेली दोरी आणि कप्पी होती, एक मोठं चाक होतं, दोन पलंग होते. आणि थोरल्या बाईंचा एक नियम होता. मानेचं ऑपरेशन झालेला माणूस आला की आधी मान, मग खांदा. मानेवरून दोन्ही हातांची बोटं सावकाश फिरवायची, वण मोकळा करायचा, आणि त्याच वेळी बोटांनी बघायचं की तिथं नको असलेलं काही उगवलं तर नाही ना. दर खेपेला. पेशंट घाईत असला तरी, आपल्याला कंटाळा आला तरी. "डॉक्टर महिन्यातून एकदा बघतात," बाई म्हणायच्या, "आपण दिवसाआड बघतो. आपल्या बोटांना आधी कळायला पाहिजे."

त्याची गोष्ट थोडक्यात अशी. जिभेच्या कडेला एक फोड आला होता आणि तो भरायचं नाव घेईना. निघाला कॅन्सर. जिभेचा तुकडा गेला, मानेतल्या उजव्या बाजूच्या गाठी गेल्या, मग किरणांचे शेक झाले. खांदा उचलणारी जी नस मानेतून जाते ती सर्जननं वाचवली होती, पण ती दुखावली होती.

"दुखावलेली नस रुसलेल्या माणसासारखी असते," धाकटीनं त्याला समजावलं. "ओढाताण करून उपयोग नाही. रोज थोडी थोडी समजूत काढायची."

"जमतं तुम्हाला, समजूत काढणं?"

"पगार त्याचाच घेते. तुम्ही करता काय?"

"सलून आहे. आमच्या धंद्यात आम्हाला कारागीर म्हणतात." मग तो हसायचं सोडून आपल्या लोंबत्या हाताकडे बघत राहिला. "कात्री धरून कोपर दिवसभर खांद्याएवढं वर ठेवावं लागतं, धाकट्या बाई. हा हात गिऱ्हाइकाच्या टाळूपर्यंत गेला नाही, तर मी दुकानात बसून लोकांना नुसता पेपर वाचून दाखवणार. आणि वाचताही धड येणार नाही आता, जीभ ही अशी."

पण पेशंटसमोर तोंड पाडायचं नाही हा तिचा स्वतःचा नियम होता.

"मग टाळूपर्यंत नेऊ," ती म्हणाली. "कुणाच्या टाळूपर्यंत ते सांगा, म्हणजे माप घेते."

तो तिच्या केसांकडे बघून म्हणाला, "तुमच्या. ते काम काही मला बघवत नाही."

अशी बोली झाली. हात वर गेला की पहिलं गिऱ्हाईक धाकट्या बाई, आणि तोवर त्यांनी स्वतःच्या केसांना कात्री लावायची नाही.

मग तो येत राहिला, एक दिवसाआड. सोबत कधी त्याची थोरली बहीण असायची. आई-वडिलांच्या माघारी तिनंच त्याला वाढवलं होतं, आणि आता बंद सलूनचं कुलूप रोज उघडून झाडून-पुसून परत लावायची. "दुकानाला वाटू नये आपण त्याला टाकलं," ताई म्हणायची. ती दाराशी बाकावर बसून भावावर नजर ठेवायची आणि तो व्यायामात जरा टंगळमंगळ करायला लागला की बाहेरूनच ओरडायची, "अरे ए, नाटकं पुरे!"

पण टंगळमंगळ तो फार करत नसे. पलंगावर पडायचा, मान डावीकडे वळवायचा, डोळे मिटायचा. धाकटी बोटांना क्रीम लावून कानाच्या पाळीखालून गळ्याच्या हाडापर्यंत वण चोळायची. शेकांमुळे तिथली कातडी ताठ, रापलेली झाली होती. चोळता चोळता ती मऊ व्हायची. आणि मग शिडी. बोटं एकेक खाच चढायची, कपाळावर घाम यायचा, ओठ घट्ट मिटायचे.

"अजून एक," ती म्हणायची.

"तुम्ही परवा पण एकच म्हणालात."

"परवा एकच होती. ही आजची."

"तुमच्यासारखी गिऱ्हाइकं येतात आमच्याकडे. थोडेसेच कापा म्हणतात, आणि तास खातात."

एकदा तिनं गंमत केली. सलाइनच्या स्टँडला फरशी पुसायचा पोछा उलटा बांधला आणि त्याच्यासमोर उभा केला. "घ्या. गिऱ्हाईक आलंय."

कारागिरानं स्टँडभोवती एक फेरी मारली. गंभीर चेहऱ्यानं पोछ्याच्या दोऱ्या बोटांत धरून पाहिल्या. "साहेब, केस फार कोरडे झालेत. तेल लावत नाही वाटतं?" मग शर्टच्या खिशातून कात्री काढली. ऑपरेशनपासून ती तिथंच असायची, वापरायची नसली तरी. हात थरथरत वर गेला... कोपर आलं खांद्याच्या जरा खाली... आणि कात्री वाजली. कच-कच-कच. किती महिन्यांनी! त्यानं अर्धा पोछा असा सुबक कापला की विचारू नका. झाडूवाल्या मावशी आल्या आणि त्यांनी कमरेवर हात ठेवून दोघांचा जो उद्धार केला, तो थेट लिफ्टपर्यंत ऐकू गेला. ताई बाहेर बाकावर बसून डोळे पुसत हसत होती. धाकटीही हसत होती, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की आपण त्याच्या हाताकडे बघत नाही आहोत. त्याच्या चेहऱ्याकडे बघतोय.

झालं ते असं झालं. आवडला तिला तो. उगाच आडवळणं कशाला घ्यायची? तो यायच्या दिवशी ती बसमध्ये एक थांबा आधीच उठून दाराशी उभी राहायची. तो नसायचा त्या दिवशी खोली मोठी वाटायची. आणि मान चोळताना, जी बोटं इतकी वर्षं निव्वळ कामाची होती, ती आता अडखळायला लागली. एकदा तर काम संपलं तरी तिचा तळवा त्याच्या मानेवर तसाच राहिला. एखादा श्वास जास्त. त्यानं डोळे उघडले. खिडकीवर पाऊस वाजत होता.

त्यानंतरच्या खेपेला तो पलंगावर पडला नाही. उभाच राहिला, कॉलरचं वरचं बटण लावून.

"आज मान राहू द्या ना..." तो म्हणाला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "सरळ शिडीच करू."

"का हो?"

"नाही... असंच. गुदगुल्या होतात."

धाकटीच्या गालांवर ऊन आल्यासारखं झालं. कळलं की तिला! त्यालाही ते जाणवलं होतं तर. तोही लाजत होता. इतका बोलघेवडा माणूस, आणि मानेला हात लावायचा म्हटलं तर लाजतोय... तिला ते इतकं गोड वाटलं की ती नियम बियम सगळं विसरली. विसरली म्हणजे काय, आठवला तिला नियम. पण आज एक दिवस राहू दे, म्हणाली मनाशी.

एक दिवसाचे आठवडे झाले. तो यायचा, वरचं बटण लावलेलं असायचं, सरळ शिडीपाशी जायचा. आणि शिडी काय झपाट्यानं चढायला लागला होता! जणू कुणी मागे लागलंय. थोरल्या बाईंनी एकदा दुसऱ्या पलंगावरून विचारलं, "मान बघतेस ना गं त्याची?" आणि ही "हो" म्हणाली. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. उद्यापासून बघणारच होती म्हणून.

मग तो दिवस उगवला. बोटं शिडीच्या शेवटच्या खाचेवर टेकली. तिथून तो मागे वळून तिच्याकडे बघत राहिला, हात भिंतीवर तसाच ठेवून, डोळे भरलेले.

"रविवारी तुम्हाला सुट्टी असते," तो म्हणाला. "ताईला दुकान उघडायला सांगतो. बोली लक्षात आहे ना, धाकट्या बाई?"

सलून लहानसंच होतं. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, फळीवर बाटल्या ओळीनं उभ्या. कोपऱ्यात एक लाकडी पाटी टेकवलेली. लहान मुलं आली की ती खुर्चीच्या हातांवर आडवी ठेवायची आणि मुलाला वर बसवायचं, म्हणजे डोकं हाताशी येतं. ताईनं दार उघडून दिलं, दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि "मला जरा बाजारात काम आहे" म्हणून छत्री न घेताच सटकली. बाहेर पाऊस होता तरी.

त्यानं धाकटीच्या अंगावर कापड टाकलं, गळ्याशी गाठ मारली, खुर्चीचा दांडा पायानं दाबून ती जराशी खाली घेतली. केसांवर पाण्याचा फवारा मारला. मग डाव्या हातात कंगवा, उजव्यात कात्री. हात वर गेला. टाळूपर्यंत, सरळ. आरशात दोघांनीही तो पाहिला.

"समोर बघा," तो म्हणाला.

"समोरच बघतेय."

"माझ्याकडे बघताय."

"तुम्हीच समोर आहात, त्याला मी काय करू?"

तो हसला. कात्री चालू लागली. काय हात होता त्याचा! तिला वाटलं, कुणीतरी आपली समजूत काढतंय. डावी बाजू झाली. कानामागून मानेपर्यंत स्वच्छ, सुरेख रेघ. तो पुढे आला, तिच्यासमोर वाकला, दोन्ही बाजूंच्या बटा बोटांत धरून पातळी बघायला. चेहरा इतका जवळ की तिला त्याच्या पापण्या मोजता आल्या असत्या.

"धाकट्या बाई," तो अगदी हळू म्हणाला, "मला एक सांगायचं होतं... दोन गोष्टी आहेत खरं तर."

"पहिली सांगा."

"पहिली तुम्हाला माहीत आहे."

"तरी सांगा."

"तुम्ही मला फार आवडता," तो म्हणाला. "लिफ्टमध्ये डोकं आपटलं तेव्हापासून."

तिनं कापडाखालून हात बाहेर काढला आणि त्याच्या मानेवर ठेवला. प्रेमानं ठेवला. कामाचा विचारसुद्धा मनात नव्हता. पण बोटांची सवय बोटांपाशी. ती आपोआप कानाच्या पाळीखाली सरकली, जबड्याच्या कोपऱ्यामागे गेली. आणि थांबली.

तिथं एक गाठ होती. वाटाण्याहून मोठी, टणक. तिनं बोटानं हलवून पाहिली. हलली नाही.

पावसाचा आवाज, रस्त्याचा आवाज, सगळं लांब गेलं. तिनं वर पाहिलं, तर तो तिच्याकडेच बघत होता. त्या नजरेत आश्चर्य नव्हतं.

"ही दुसरी," तो म्हणाला.

"तुम्हाला... माहीत होतं?"

"दाढी करताना लागली हाताला. आयुष्यभर लोकांच्या माना हाताखालून गेल्यात, बाई. कळतं की."

"कधी?"

त्याच्या हातातली कात्री अजून उघडीच होती. आणि मग तिला सगळं उमगलं. वरचं बटण. लाल झालेले कान. गुदगुल्या. तो लाजत नव्हता. लपवत होता. आणि ती वेडी, त्याला लाजणं समजून लाजत बसली होती.

"तुम्हाला कळलं असतं तर त्याच दिवशी मला परत सर्जनकडे पाठवलं असतंत," तो म्हणाला. "पुन्हा सुया, पुन्हा पट्ट्या. शिडी बंद. तुम्ही बंद. मी म्हटलं, एकदा हात टाळूपर्यंत जाऊ दे. एकदा एवढे केस कापून होऊ देत... मग सांगू."

"मूर्खा!" ती ओरडली. खुर्चीवरून उठली, कापड गळ्यात तसंच. "अरे, केसांचं काय घेऊन बसलास? केस काय, परत वाढतात! तुझी मान आहे ती! तू मला सांगायचं नाहीस? मला?" आणि तिनं त्याच्या छातीवर मूठ मारली, एकदा, दोनदा. मग तिथंच कपाळ टेकून हमसाहमशी रडायला लागली.

त्यानं तिला धरून ठेवलं, दोन्ही हातांनी. उजवाही हात तिच्या खांद्यावर पोहोचला होता.

"'तू' म्हणालात मला," तो थोड्या वेळानं म्हणाला.

"गप्प बस. चल आधी."

"एक बाजू राहिलीय."

"राहू दे."

ताई परत आली तेव्हा दुकानाच्या दारात ही दोघं उभी होती. धाकटीच्या डोक्यावर एक बाजू लहान, एक बाजू मोठी. ताई आधी हसली. मग तिनं भावाचा चेहरा पाहिला आणि हातातली पिशवी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी थोरल्या बाईंसमोर उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. काही लपवलं नाही. बाई ऐकत होत्या, हातातला टॉवेल घडी करत.

"मी तुला विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "हात का नाही लावलास?"

बाईंनी टॉवेल बाजूला ठेवला.

"आवडतो?"

तिनं मान हलवली. डोळ्यांतून टपटप पाणी पडत होतं.

"मग तर, पोरी," बाई म्हणाल्या, "त्याच्या मानेला दोनदा हात लावायचा होतास."

याहून जास्त त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं की आजपासून तो माझा पेशंट, तू त्याच्या पलंगाजवळ यायचं नाहीस. यायचं तर भेटायच्या वेळेत, घरच्या माणसासारखं, बाहेरच्या बाकावर बसायचं. ताईशेजारी.

सर्जननं तपासून सांगितलं. गाठ त्याच नसेला चिकटली होती. लवकर आले असते तर कदाचित नस पुन्हा वाचवता आली असती, कदाचित नाही. आता ती ठेवता येणार नव्हती. जीव वाचवायचा तर नस द्यावी लागेल. आणि जिवाचंही, ते म्हणाले, शब्द देता येत नाही.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ती त्याच्याजवळ बसली होती. तो उजवा हात वर करून बघत होता. खाली घ्यायचा, परत वर न्यायचा.

"माझ्यामुळे," ती म्हणाली. "मान माझ्याकडे होती."

"हात माझा, चूकही माझी," तो म्हणाला. "बटण मी लावत होतो. तू नको वाटा मागूस." मग तोच हात त्यानं तिच्या डोक्यावर ठेवला, लांब राहिलेल्या बाजूवर. "ही बाजू दुसऱ्या कुणाकडून कापून घेऊ नकोस हं."

"वेडा आहेस का?"

ऑपरेशन झालं. गाठ गेली, नस गेली. पुन्हा मानेवर पट्ट्या, नाकात नळी, पुन्हा किती तरी दिवस फक्त डोळ्यांनी बोलणं. मग थोरल्या बाईंनी त्याला शिडीपाशी नेलं, आणि त्यांना जे आधीच माहीत होतं ते त्यालाही कळलं. हात छातीपर्यंत येत होता. त्याच्या वर तो कधीच जाणार नव्हता. बाई आता त्याला हात वर न्यायला शिकवत नव्हत्या. जेवढा उरलाय तेवढा दुखू न देता कसा वापरायचा, ते शिकवत होत्या. बाहेर बाकावर धाकटी आणि ताई एकमेकींचा हात घट्ट धरून बसलेल्या असायच्या. आतून शिडीवर बोटं चढल्याचा आवाज यायचा, आणि मधेच थांबायचा.

धाकटी तशीच वावरत होती, अर्ध्या केसांनी. हॉस्पिटलात लोक वळून वळून बघायचे. घरी आईनं आकांत मांडला होता. "अगं, एका बाजूनं बाग, एका बाजूनं रान! लोकांना तोंड कसं दाखवतेस? मी कात्रीनं दोन मिनिटांत सारखं करून देते, बस इकडे." नंतर तिनं आईला सगळं सांगितलं. त्यानंतर आईनं तिच्या केसांचं नाव काढलं नाही. फक्त सकाळी ती निघाली की लांब बाजूला एक पिन लावून द्यायची, हळूच.

आणि एका रविवारी ताईनं पुन्हा दुकान उघडलं.

एका खुर्चीपाशी आता नवीन कारागीर काम करत असे, ताईनं ठेवलेला. पण त्या रविवारी ताईनं त्याला सुट्टी दिली होती. त्यानं, आपल्या कारागिरानं, दुसऱ्या खुर्चीचा दांडा दाबून ती खाली घेतली. अगदी शेवटपर्यंत खाली. धाकटी बसली. त्यानं कात्री घेतली, हात उचलला. छाती. तिथंच. तिचे केस अजून वीतभर वर होते. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. डाव्या हातानं उजव्या कोपराला टेकू देऊन पाहिला. मग त्यानं कात्री खाली ठेवली आणि तोंड फिरवलं.

"नाही जमत गं," तो म्हणाला. जीभ आता आणखी जड झाली होती, पण तिला त्याचं सगळं कळायचं. "नव्या पोराकडून करून घे. चांगला हात आहे त्याचा."

धाकटी उठली. कोपऱ्यातली लहान मुलांची पाटी तिनं उचलली. खुर्चीच्या हातांवर नाही ठेवली. जमिनीवर टाकली, खुर्चीच्या पुढ्यात. "तू बस खुर्चीत," ती म्हणाली.

"मी?"

"बस म्हणते ना."

तो बसला. ती खाली पाटीवर बसली, त्याच्या गुडघ्यांना पाठ लावून. तिचं डोकं आता बरोबर त्याच्या छातीशी आलं होतं, जिथवर त्याचा हात येत होता तिथं.

मग कंगवा केसांत आला. मग कात्री. पूर्वीसारखी भराभर नाही, थांबून थांबून, मधे दम खात. तिच्या मानेवर एक थेंब पडला, गरम. तिनं मागे वळून पाहिलं नाही. ताई दारात पाठ करून रस्त्याकडे बघत उभी होती.

"झालं," तो शेवटी म्हणाला.

भिंतीवरचा आरसा तिथून फार उंच होता. तिला काहीच दिसत नव्हतं.

"कसे झालेत?" तिनं विचारलं.

त्यानं दोन्ही बाजूंच्या बटा बोटांत धरून पाहिल्या. खोटं बोलणं त्याला धंद्यात कधी जमलं नव्हतं. "एक बाजू जराशी वर गेलीय," तो म्हणाला. "नीट करू का?"

तिनं वळून, गुडघ्यांवर उठून त्याची मान चाचपली. सावकाश, दोन्ही हातांची बोटं, कानाच्या पाळीखालून गळ्यापर्यंत, नियमाप्रमाणे. आज तिथं काही नव्हतं. उद्याचं उद्या बघायचं होतं.

"आज नको," ती म्हणाली. "पुढच्या वेळी कर."

"पुढच्या वेळी?"

"हो. वाढले की येईन."

त्यानं कात्री पुसली आणि शर्टच्या खिशात ठेवली.